शुक्रवारचा मंगळबाजार

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या फ्रीजच्या डोक्यावर जसं सामान जमतं, तसे ते जमतात. लाइट बिल, खोकल्याच्या औषधाचं झाकण, एक केसांची क्लिप, कुणाच्या तरी बारशाची पत्रिका. ठेवताना वाटतं, नंतर बघू. मग एक दिवस फ्रीजचं दार जरा जोरात लागतं आणि सगळं अंगावर!

परवा आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं विचारलं, "वैनी, तुमी तो प्रोजेक्ट कसा केलता हो?" तेवढंच विचारलं बिचारीनं. दार जोरात लागलं ना! दोन तास तिला उठू दिलं नाही.

तर आधी थोडक्यात. मी केजजवळच्या एका गावची सून. नवऱ्याचं केजला पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. मुलगी स्वरा, तेव्हा तीन वर्षांची. आणि मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. रोज काळी-पिवळी जीपनं जाणं-येणं. जीपमध्ये बसल्यावर गॅस बंद केला की नाही हे आठवत बसणाऱ्या बायका असतात ना, त्यातली मी. बंद केलेला असायचाच. तरी घरी फोन!

स्वराला सासूबाई सांभाळायच्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "हे एक साल मी पोरीला बघते. पास झालीस तर चांगलंच हाय. पर साल वाया गेलं, तर पुढच्या साली मला सांगू नको. माजे गुडगे न्हाईत तेवढे."

म्हणजे हिशोब सरळ होता. प्रोजेक्ट मंजूर झाला नाही तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर शिक्षण संपलं. आणि प्रोजेक्ट कसा करतात, हे मला अजिबात माहीत नव्हतं.

* * *

प्रोजेक्ट बघणाऱ्या आमच्या चौरे मॅडमचा नियम कडक होता. पाच संदर्भ ग्रंथालयातलेच हवेत. पुस्तक स्वतः हातात घेतलेलं हवं. "तोंडी परीक्षेत कुठलं पान विचारीन, सांगता आलं पाहिजे!"

हा नियम का आला, तेही ऐका. आधीच्या बॅचमधल्या एकानं 'माझ्या गावाचे अर्थजीवन' असा प्रोजेक्ट दिला होता. सगळा इंटरनेटवरून उचललेला, फक्त गावाचं नाव बदललेलं. मॅडम वाचत गेल्या. तिसऱ्या पानावर गावाचा मुख्य व्यवसाय मासेमारी निघाला. पावसाळ्यात गावकरी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, असंही होतं.

मॅडम म्हणाल्या, "अरे, तुझं गाव परळीच्या रस्त्याला. तिथं समुद्र कुठून आणलास?"

पोरगं जरासुद्धा डगमगलं नाही. म्हणालं, "मॅडम, त्या साली पाऊस लई झालता."

* * *

माझा विषय ठरला होता आठवडी बाजार. पहिल्या दिवशी मी मोठ्या आत्मविश्वासानं ग्रंथालयाच्या काउंटरवर गेले. आत्मविश्वास म्हणजे, दारात दोनदा येऊन परत गेले होते, तिसऱ्यांदा आत शिरले.

ग्रंथपाल गवळी सर समोर बसलेले. मी म्हटलं, "सर, बाजारावरचं एखादं पुस्तक द्या ना."

"कोणतं?"

"चांगलं."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "ताई, हे साड्यांचं दुकान नाही. इथं 'त्यातलंच जरा चांगलं दाखवा' चालत नाही. तुमचा प्रश्न काय आहे?"

"आठवडी बाजार."

"हा विषय झाला. प्रश्न घेऊन या."

दुसऱ्या दिवशी प्रश्न घेऊन गेले. 'आठवडी बाजाराचे महत्त्व काय?'

"हा शाळेतला निबंध झाला."

तिसऱ्या दिवशी रात्रभर विचार करून गेले. 'आठवडी बाजार चांगला की वाईट?'

"ही वादविवाद स्पर्धा झाली. कप आहे का?"

डोळ्यात पाणी आलं माझ्या. पण मग राग पण आला. म्हटलं, या माणसाला खुर्चीवरून हलवलं नाही तर नावाची नाही! परत येताना जीप आमच्या गावात मंगळबाजारापाशी थांबली. ही आमच्या गावातली मोकळी जागा. उतरले, भाजी घेतली, चार पावलं चालले आणि थांबले. तो वार शुक्रवार होता. आमचा बाजार शुक्रवारीच भरतो. लग्न होऊन आल्यापासून मी दर शुक्रवारी मंगळबाजारात जातेय आणि एकदाही डोक्यात आलं नाही!

दुसऱ्या दिवशी काउंटरवर कागद ठेवला. 'मंगळबाजारात शुक्रवारी बाजार का भरतो?'

गवळी सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठले आणि स्वतः माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"आता बसा," म्हणाले.

* * *

शबाना माझी वर्गमैत्रीण. अंबाजोगाईतलीच, वडिलांचा फळांचा गाडा. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. त्यामुळे तिला एक सवय होती. कुठलंही पुस्तक हातात आलं की ती मागून उघडायची. मराठी पुस्तक सुद्धा! मग स्वतःच हसायची, "अगे, हात ऐकतच नाही."

आम्ही सगळे पुस्तक घेतलं की प्रस्तावनेपासून वाचायला बसायचो. एका पुस्तकात दोन दिवस. प्रस्तावनेतले आभार वाचतानाच डोळे मिटायला लागायचे. शबाना मात्र एका दुपारी चार पुस्तकं संपवून वह्या भरून बसलेली!

आमच्यातला माउली नावाचा मुलगा, धारूरकडचा, त्याला राहवेना. "शबाना, खरं सांग, तू काय करतीस?"

"काय नाही रे. मागून उघडते. मागं सूची असते ना? 'बाजार' शब्द बघते, समोर पानं लिहिलेली असतात, तेवढीच वाचते."

माउलीनं हातातलं पुस्तक उलटं केलं. शेवटची पानं बघितली. खरंच सूची होती. अक्षरांच्या क्रमानं, पानांच्या आकड्यांसकट.

त्यानं पुस्तक मिटलं, पुन्हा मागून उघडलं. मग म्हणाला, "पंधरा वर्सं शाळा शिकलो. एका मास्तरानं सांगितलं न्हाई, की पुस्तकाला मागचं दार असतंय!"

* * *

माउलीची स्वतःची पद्धत वेगळी होती. त्याच्या वडिलांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्यामुळे हातात सगळ्यात भारी मोबाइल त्याचा. आम्ही वहीत उतरून घेत बसायचो आणि हा पानाचा फोटो काढून मोकळा. "तुमी लिवा, बाया हो. मी घरी जाऊन वाचतो."

पुस्तकाचं नाव, लेखक, पान, हे आधी लिहा आणि मगच मजकुराला हात लावा, असं गवळी सर दहादा सांगायचे. माउली म्हणायचा, "फोटोत आलंय ना सर सगळं."

मसुदा द्यायची वेळ आली. माउलीच्या मोबाइलमध्ये पानंच पानं. प्रत्येक पानावर एका कोपऱ्यात त्याचा अंगठा, आणि नेमका पानाचा आकडा त्या अंगठ्याखाली! कुठलं पान कुठल्या पुस्तकाचं, काही पत्ता नाही. एका फोटोत तर नुसता अंगठाच होता, फार स्पष्ट.

शेवटी त्यानं काहीतरी लिहून गवळी सरांना दाखवलं. सरांनी संदर्भांची यादी बघितली. एकच ओळ. 'संदर्भ: माझा मोबाइल.'

"पान क्रमांक?" सरांनी विचारलं.

"गॅलरीत जायचं सर, आन खाली खाली सरकायचं."

मला लई हसू आलं. पण त्याच संध्याकाळी जीपमध्ये बसून मी माझी वही तपासली. दोन उताऱ्यांपुढं काहीच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही पुस्तकं पुन्हा काढली आणि शोधली. अख्खा दिवस गेला.

* * *

फोनवरून आठवलं. ग्रंथालयात मोबाइल बंद ठेवायचा नियम. मी ठेवायचे, पण लक्ष सगळं घरी. स्वरा जेवली का, पडली का, तिनं पुन्हा नाकात शेंगदाणा घातला का? म्हणून मी एक पळवाट काढली होती. फोन मुका करून मांडीवर ठेवायचा.

त्या दिवशी मुका करायचा राहिला. वाचनखोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि आत्याबाईंचा व्हिडिओ कॉल. घाबरून बंद करायला गेले, तर बोट चुकलं आणि उचललाच गेला! स्पीकरवर स्वरा, सगळ्या जोरानं,

"आईऽऽऽ! शी झालीऽऽऽ!"

पन्नास माना वळल्या. मागून आत्याबाईंचा आवाज, "बघ बाई, तुलाच सांगायची म्हनती. मला धुऊ देईना!"

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. गवळी सर जागेवरूनच शांतपणे म्हणाले,

"ताई, या प्रश्नासाठी संदर्भग्रंथ लागत नाही. बाहेर जाऊन उत्तर द्या."

* * *

आता लाल्या. लाल्या म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा एक जुना, जाडजूड ग्रंथ. लाल कापडी बांधणी, म्हणून लाल्या. एकच प्रत. घरी मिळत नाही, तिथंच बसून वाचायची. आणि प्रोजेक्ट कुठलाही असो, लाल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

त्यामुळे आमच्या कॉलेजात पिढ्यानपिढ्या एक रीत. संध्याकाळी जाताना लाल्या दुसऱ्या कपाटात लपवून जायचं, म्हणजे सकाळी आपल्यालाच मिळतो. स्थानिक पोरं लवकर यायची. मी जीपनं पोचेपर्यंत अकरा. लाल्या गायब!

पहिले काही दिवस रडकुंडीला आले. मग ठरवलं, रडून काय होणार? पोरीला दुसऱ्याच्या जिवावर ठेवून आलेय, रिकाम्या हातानं जायचं नाही. रोज एक कपाट, वरपासून खालपर्यंत. पशुपालनात सापडला एकदा, गाईच्या आजारांच्या मागं. एकदा योगासनांत. एकदा पाककलेत, तेव्हा वाटलं, हे नक्की पोरांचं काम. घरी रोज तेच करणाऱ्या पोरी इथं पुन्हा तेच कशाला बघतील, असा त्यांचा हिशोब, आणि खरंच आम्ही येत नव्हतो!

पण या शोधात एक झालं. लाल्या नाही सापडला तरी दुसरंच काहीतरी हाती लागायचं. एका कपाटात जुन्या जनगणनेची पुस्तकं, त्यात आमचं गाव. एकात बाजारकराचा अहवाल. जिन्याखाली जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे. मी सगळ्यांचे कपाट क्रमांक लिहून ठेवत गेले. शेवटी शेवटी पहिल्या वर्षाची पोरं मलाच विचारायला लागली, "मॅडम, तुमी हितं कामाला हाव का?"

आणि मग ऐन मुदतीच्या तोंडावर लाल्या हरवला. खरोखरचा! प्रत्येक जण दुसऱ्यावर संशय घेतोय. माउली शपथ घेतोय, "आईची आन, ह्या वक्ताला मी न्हाई!" पशुपालन बघितलं, योगासनं, पाककला, अगदी अध्यात्मसुद्धा. कुठंच नाही. कुणीतरी फळ्यावर चिठ्ठी लावली, 'लाल्या, असशील तिथून निघून ये. तुला कुणी काही बोलणार नाही. सगळे काळजीत आहेत.'

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं हात जोडून गवळी सरांपुढं उभे. सर म्हणाले, "त्याच्या जागेवर बघितलंत का?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. गेलो. संदर्भ विभाग, दुसरा कप्पा, त्याचा क्रमांक. लाल्या ताठ उभा! सर तीन दिवसांपूर्वीच ठेवून गेले होते.

माउली कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, जागंवर कोन बघतंय!"

* * *

लाल्यात एवढंच सापडलं की पूर्वी आमच्या गावचा बाजार मंगळवारी भरायचा. मग शुक्रवारी कधी गेला? का गेला? त्यासाठी मी आणि शबाना जिन्याखालच्या गठ्ठ्यांत शिरलो. तिची ओढणी नाकाला, माझा पदर नाकाला. पान उलटायचं की शिंक. शिंक की पान. कित्येक दुपारी तेच.

एकदा शबाना म्हणाली, "बाई, आपण बाजार शोधतोय का सर्दी?"

आणि एक दिवस सापडलं! आतल्या पानावर, बियाण्यांच्या जाहिरातीखाली, बोटभर बातमी. शेजारच्या मोठ्या गावचाही बाजार मंगळवारीच असल्यानं व्यापारी इकडं येत नाहीत, सबब ग्रामपंचायतीनं यापुढं बाजार शुक्रवारी भरवायचं ठरवलं आहे. बस, एवढंच. बाजाराचा वार गेला, जागेचं नाव राहिलं.

मी आधी पेपरचं नाव, तारीख आणि पान लिहिलं. मग रडले.

"नक्को रो गे," शबाना ओरडली, "पान भिजंल!"

* * *

नाचतच घरी आले. आत्याबाईंना बातमी वाचून दाखवली. त्यांनी तारीख विचारली. सांगितली. त्यांच्या लग्नाच्या बऱ्याच आधीची होती.

"झूट हाय," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, छापलेलं आहे."

"छापू दे. माज्या लग्नाचा चुडा मंगळवारच्या बाजारात भरलाय. ह्या हातात. पेपरवाला आलता का बांगड्या भरायला?"

आता आली का पंचाईत! मी चौरे मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "सोडू नकोस. त्यांची मुलाखत घे, परिशिष्टात टाक. मग दोन्हीतलं तुला काय पटतं आणि का, ते लिही. संशोधन म्हणजे तेच."

मुलाखत घेतली. आत्याबाईंची एकच अट. "नाव टाकू नको माजं. उद्या कुनी म्हनंल, म्हातारी खोटं बोलती." म्हणून मी लिहिलं, 'गावातील एक ज्येष्ठ महिला'. आणि मग मनावर दगड ठेवून त्यांच्या लग्नाच्या काळातला बाजारकराचा अहवाल जोडला, त्यातही शुक्रवारच होता, आणि निष्कर्ष लिहिला की बातमी बरोबर आहे.

तो निष्कर्ष मी त्यांना वाचून दाखवायला नको होता, असं नवरा म्हणाला. पण मला वाटलं, ज्यांच्या जिवावर शिकतेय त्यांच्या माघारी कसं लिहू?

त्यानंतर आठवडाभर आत्याबाई माझ्याशी स्वरामार्फत बोलत होत्या. "तुज्या आईला सांग, चा झालाय. पेपरातून दूध घालून घे म्हनावं."

* * *

आणि आला तोंडी परीक्षेचा दिवस. बाहेरून परीक्षक आलेले. त्यांची सही झाली तर प्रोजेक्ट मंजूर, नाहीतर वर्ष गेलं. नेमका त्या दिवशी स्वराला ताप. मला सोडेचना, गळ्याला मिठी. मी पदवी आणि पोरगी यांच्या मधे दारात उभी. आत्याबाईंनी पायात चपला घातल्या आणि जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसल्या. आठवडाभरात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या. "सरक तिकडं."

कॉलेजात माझा नंबर आला. त्या स्वराला कडेवर घेऊन दारातच उभ्या राहिल्या. शिपाई बसा म्हणाला तरी बसल्या नाहीत.

परीक्षक सरांनी पानं चाळली. कुठलं पुस्तक, कुठलं पान, सगळं विचारलं. सगळं सांगितलं. वही पाठ होती. सर खूश दिसले. पेनाचं टोपण काढलं. आणि मग परिशिष्टावर थांबले.

"हे काय? तुमच्याच गावातल्या एक ज्येष्ठ महिला म्हणतात, त्यांच्या लग्नात बाजार मंगळवारीच होता. चुडा भरल्याचंही सांगतात. तुमचा निष्कर्ष उलटा! मग खरं कोण? त्या बाई की पेपर?"

समोर सर, पेन उघडं. मागं दारात आत्याबाई. 'त्या बाई' म्हणावं तर प्रोजेक्ट गेला. 'पेपर' म्हणावं तर...

"पेपर," मी म्हटलं.

"जरा मोठ्यानं बोला."

"पेपर बरोबर आहे, सर. अहवालही तेच सांगतो. मुलाखत देणाऱ्यांची आठवण... आठवण चुकली आहे."

मला मागं वळून बघायची हिंमत होईना. सर म्हणाले, "पण खात्री आहे? जुन्या माणसांच्या आठवणी अशा सहज..."

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"आवो सायेब, पेपर म्हनतीय ना ती! दोन महिनं धूळ खाल्लीया पोरीनं. म्हाताऱ्या बायांचं काय घिऊन बसलाव, त्या कायबी सांगत्यात!"

चौरे मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. परीक्षक सर हसले, आणि सही केली. मग टोपण लावता लावता म्हणाले, "आजी, तुम्ही त्याच गावच्या का? मग या मुलाखतीतल्या बाईंना ओळखत असाल."

आत्याबाईंनी स्वराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"वळखते की. आमच्याच गल्लीत राहती," त्या म्हणाल्या. "लई हट्टी बाई हाय."